तेरा बाकी होता

“आज बी नाही तुटली व.”

मी दोरीवरचे कपडे काढत होते. बोलणं कुंपणापलीकडून, शेजारच्या क्वार्टरच्या मागच्या ओट्यावरून आलं. आवाज पुरुषाचा, दमलेला, घरातल्या माणसाशी बोलावं तसा साधा. मग तो थांबला, समोरच्याला उत्तर द्यायला जागा ठेवावी एवढाच. मग म्हणाला, “पाहू उद्या.”

चरोद्याच्या रेल्वे कॉलनीत येऊन मला चार दिवस झाले होते. शाळा-कॉलेज मी नागपूरला मावशीकडे राहून केलं, सगळं इंग्रजीतून. गणित घेऊन बी.एस्सी. झाले आणि भिलाईला उभ्या राहत असलेल्या कारखान्यात, एका ड्रॉइंग ऑफिसात आकडेमोडीची नोकरी लागली, म्हणून आईबाबांकडे राहायला आले. बाबा यार्डात हेड क्लार्क होते. शेजारी कापगते नावाचे गृहस्थ राहतात एवढंच मला माहीत होतं. त्यांच्या बायकोचा आवाज फार बारीक असणार, असं मी मनाशी ठरवून टाकलं. रोज संध्याकाळी तेच वाक्य येई आणि त्यानंतर तीच मोकळी सोडलेली जागा.

पाचव्या दिवशी मी आईला विचारलं, शेजारच्या काकू बाहेर कशा दिसत नाहीत. आई भाजी निवडत होती. तिने मान वर केली.

“भागरताबाई? अगं, तिला जाऊन सहावं वर्ष लागलं.”

पुढे कित्येक दिवस मी कपडे पुढच्या अंगणात वाळत घातले.

आईने मग सगळं सांगितलं. यार्डात मालगाडी उभी असली की कॉलनीतल्या बायका पुलाचा वळसा टाळून दोन डब्यांच्या मधून, कपलिंगखालून वाकून पलीकडे जात. सगळ्याच जात, आईसुद्धा गेली होती. भागरताबाई नवऱ्याचा जेवणाचा डबा घेऊन निघाल्या होत्या. त्या मध्ये असताना गाडीला इंजिन लागलं आणि गाडी हातभर हलली. हातभरच.

कापगतेकाकांना मी पहिल्यांदा नीट पाहिलं ते त्यांनी जीभ बाहेर काढली तेव्हा. जीभ जांभळी होती. ते यार्डात नंबर टेकर होते. आलेल्या गाडीच्या कडेने चालत जायचं आणि प्रत्येक वॅगनचा नंबर वहीत उतरवायचा, हे त्यांचं काम. नंबर पुसला जाऊ नये म्हणून कॉपिंग पेन्सिलने लिहायचा, आणि ती पेन्सिल ओली केल्याशिवाय उमटत नाही. वीस-बावीस वर्षं दिवसातून शंभरदा जिभेवर पेन्सिल टेकवून जिभेचा रंगच बदलला होता. माणूस उंच, किडकिडीत, मान जरा डावीकडे कललेली. गाडी नेहमी त्यांच्या डाव्या हाताला असे, म्हणून, असं बाबा म्हणत. गाव साकोलीकडचं, घरची धानाची शेती, शिक्षण चौथी.

यार्डात ही कामं जोडीने होत. एक जण वॅगनजवळ उभा राहून नंबर वाचणार, दुसरा लिहिणार. लिहिणारा तयार झाला की म्हणे, “बोल.” वाचणारा पाच आकडे दोन तुकड्यांत सांगे, आधी दोन, मग तीन. लिहिणारा म्हणे, “घेतला.” कापगतेकाकांचं घरातलं बोलणंही याच चालीवर चाले. कोणी काही सांगायला आलं की ते मान कलती करून म्हणायचे, “बोल.” ऐकून झालं की, “घेतला.” माझ्या बाबतीत त्यांची पंचाईत होई. ते “बोल” म्हणत आणि मी गप्प उभी राहत असे. मला अनोळखी माणसाशी बोलता येत नसे, आणि खरं सांगायचं तर ओळखीच्या माणसाशीही फारसं येत नसे.

ते मला ‘इंग्लिश’ म्हणत. याला कारण होतं. मला मराठी आकडे सुधरत नसत. एकोणसाठ म्हटलं की आधी सिक्स्टी नाईन डोळ्यांपुढे येई, मग मी मनात एक-एक मोजत खाली उतरे. हे त्यांनी आठवड्याभरात ओळखलं.

“का व इंग्लिश, एकोनसाठ म्हनजे किती?” कुंपणावरून विचारत. मी हाताने पाच आणि नऊ दाखवी. “आन् हे पोरगी कारखान्यात आकडे करून राहिली. कारखाना पडते आता.”

माझा गेट पास आला त्या दिवशी त्यांनी तो बघायला मागितला. नंबर होता ३५९९. त्यांनी तो वाचलासुद्धा नाही, नुसता पाहिला. “जोडी हाय,” म्हणाले. “साठाच्या इकडं एक, तिकडं एक. एकोनसाठ गुनिले एकसष्ट.”

मी आत जाऊन कागदावर गुणाकार केला. बरोबर होता. पुन्हा केला. त्या दिवशी मला जो धक्का बसला तो सांगण्यासारखा नाही. मला तीन वर्षं प्राध्यापकांनी शिकवलं होतं आणि माझ्याच पासात काय आहे हे चौथी शिकलेल्या माणसाने एका नजरेत सांगितलं होतं.

कशानेच भाग जात नाही अशा संख्येला ते ‘सडा’ म्हणत, एकट्या बाप्याला म्हणतात तसं. दोन सडे एकमेकांपासून दोनच घरं दूर असले की ती जोडी. एकोणसाठ-एकसष्ट जोडी. एक्काहत्तर-त्र्याहत्तर जोडी. “अशा जोड्या पुढं पुढं कमी होत जातात,” ते म्हणत, “पन सरत नाहीत. मले तं अजून सरल्या नाहीत.”

कारखान्यातला एक रशियन इंजिनियर यार्डात सामान उतरवून घ्यायला येई. दोघांना एकमेकांची भाषा ओ की ठो येत नव्हती. एकदा काका वॅगनच्या नंबरखाली खडूने त्याचे तुकडे लिहीत होते, ते रशियनाने पाहिलं. त्याने खडू घेतला आणि पत्र्यावर लिहिलं, १०००१. हात मागे बांधून हसत उभा राहिला. हे कशाने तुटणार, असा त्याचा चेहरा. काकांनी नंबराकडे पाहिलं, आकाशाकडे पाहिलं, आणि खाली लिहिलं, ७३ × १३७. रशियनाने त्यांच्या पाठीत असा गुद्दा घातला की काका दोन पावलं पुढे गेले. जाताना त्याने खिशातली स्वतःची कॉपिंग पेन्सिल त्यांना दिली. ही गोष्ट बाबांनी पाहिली होती, म्हणून मी खरी मानते. काका स्वतः एवढंच म्हणत, “मारलं तं लय जोरात. पेन्सिल चांगली हाय.”

त्यांचा एक रोजचा खेळ होता. गाडीच्या पहिल्या वॅगनचा पाच आकडी नंबर घ्यायचा, शेवटच्या गार्डच्या डब्याचा चार आकडी नंबर त्याला जोडायचा, आणि तयार झालेली नऊ आकडी संख्या तोडायची, म्हणजे तिला पूर्ण भाग जाईल असा सडा शोधायचा. बहुतेक गाड्या तीनने, सातने, अकराने, फार तर दोन आकडी सड्याने तुटायच्या. एक गाडी मात्र तुटली नव्हती. पहिली वॅगन ३२५९६, गार्डचा डबा १७४७. बत्तीस कोटी एकोणसाठ लाख एकसष्ट हजार सातशे सत्तेचाळीस. भागरताबाई गेल्या त्या दिवशीची गाडी. त्या सकाळी त्यांनी ती तोडायला घेतली होती आणि अर्धीच राहिली होती.

तेव्हापासून रोज एक भागाकार. एक सडा घ्यायचा, त्याने भागून पाहायचं, बाकी लिहायची, तारीख घालायची. रोज एकच. मी न विचारता एकदा त्यांनीच सांगितलं, “जास्त केले तं लवकर सरतील.” आणि संध्याकाळी ओट्यावर बसून, घरात कोणी नसताना, निकाल सांगायचा.

एका रविवारी त्यांनी मला सात, अकरा आणि तेरा एकाच दमात कसे तपासायचे ते दाखवलं. पाटीवर संख्या लिहिली आणि तीन-तीनचे डबे पाडले. ३२५, ९६१, ७४७. “कडेचे दोन मिळवायचे, मधला काढायचा.” एक हजार बहात्तरातून नऊशे एकसष्ट गेले, उरले एकशे अकरा. “आता एवढी मोठी गाडी नाही पाहायची. हा एकशे अकराच पाहायचा. सातानं जाते का? नाही. अकरानं जाते का? नाही.”

मग ते उठले आणि पाणी प्यायला आत गेले. बराच वेळ आले नाहीत. तेरा आठे एकशे चार, बाकी सात, असं मी मनातल्या मनात पुरं केलं. तेरानेही जात नव्हता. परत आले तेव्हा त्यांनी पाटी पुसून टाकली.

“हे नाही तुटली पाह्यजे,” एवढंच म्हणाले. माझ्याशी नव्हे.

अठरा हजार चोपन्नच्या पुढे जायची गरज नाही, हे त्यांचं त्यांनीच शोधलं होतं. दोन तुकडे झाले तर दोघांतला एक तरी त्याच्या आतला असणारच. तिथपर्यंतचे सडे दोन हजारांहून थोडे जास्त. मी आले त्या वर्षी, त्यांच्या रिटायरमेंटच्या तोंडाशी, ते संपत आले होते. शेवटी दोन जोड्या लागोपाठ आल्या, १८०४१ आणि १८०४३, १८०४७ आणि १८०४९. त्या चार दिवसांत ते लग्नघरातल्यासारखे वावरत होते. पाचव्या दिवशी कुंपणाशी येऊन त्यांनी एक वही माझ्या हातात दिली.

“आधीच्या वह्या दोनदा पाह्यल्या. हे शेवटची एकदाच पाह्यली. तुह्या ऑफिसातल्या मशीनवर टाकून पाय. मानूस चुकते.” मग जरा थांबून म्हणाले, “पन यार्डाचा नियम ध्यानात ठेव. डोळ्यानं पाह्यला नाही तो नंबर बोलाचा नाही. पाह्यला तो गिळाचा नाही.”

ऑफिसात हँडल फिरवायचं मशीन होतं. भागाकारासाठी हँडल उलटं फिरवायचं. एक फेरा जास्त झाला की घंटी वाजते, मग एक फेरा परत घ्यायचा आणि पुढच्या घरावर सरकायचं. जेवणाच्या सुट्टीत सगळ्या बायका खाली जात तेव्हा मी रोज वीस-पंचवीस ओळी तपासू लागले. प्रत्येक ओळ बरोबर निघाली. जांभळ्या अक्षरात सडा, भागाकार, बाकी, तारीख. मला एक चूक सापडावी असं वाटू लागलं होतं, इतकी ती वही बिनचूक होती.

१७४१७, बाकी २५९२. बरोबर.

त्याखालची ओळ रिकामी होती. त्याखाली १७४३१, बाकी २०४७, बरोबर. मध्ये एक ओळ मोकळी. वाटलं, पान ओलं झालं असेल, नजर चुकली असेल. मग दिसलं की त्या ओळीला तारीख आहे. फक्त तारीख. एक अख्खा दिवस त्यांनी त्या रिकाम्या ओळीला दिला होता. ती संध्याकाळ मला आठवत होती. कुंपणापलीकडून काहीच आलं नव्हतं; मी समजले, ड्यूटी असेल.

सतरा हजार चारशे सतराची जोडी. तिथे १७४१९ असणार हे मला कळायला हवं होतं आणि कळलंही. तो सडाच आहे ना, हे आधी तपासलं. सडाच होता. मग मशीनवर ३२५९६१७४७ घेतले आणि हँडल फिरवायला लागले. एक फेरा. आठ फेरे. सात. एक. शेवटच्या घरावर तीन फेरे झाले आणि सगळ्या खिडक्यांत शून्यं आली.

मी चौथा फेरा फिरवला, उगाच. घंटी वाजली.

मग कागदावर १८७१३ गुणिले १७४१९ केलं, शाळेतल्यासारखं, हातचे वर लिहून. नऊच्या नऊ आकडे जागेवर बसले. दोनच तुकडे, दोन्ही सडे. बायका जेवून परत आल्या तेव्हा मी तशीच बसले होते. कोणीतरी विचारलं बरं वाटत नाही का, आणि मी नेहमीप्रमाणे मान हलवली.

संध्याकाळी बाबा चहा घेत होते. मी त्यांच्या वर्तमानपत्राच्या कडेला १७४१९ लिहिलं आणि विचारलं, हा नंबर काका लिहीत नाहीत का. बाबांनी कपबशी खाली ठेवली. वर्तमानपत्राचा तेवढाच कोपरा फाडून त्याची घडी केली आणि खिशात घातली.

“हा तुला कोणी दिला?”

मी म्हटलं, हिशेबातून निघाला.

ती भागरताबाईंच्या अंगावर आलेली वॅगन होती. अपघाताच्या फॉर्मवर वॅगनचा नंबर लिहावा लागतो, आणि त्या दिवशी जोडीदार नसल्याने ड्यूटीवर नंबर टेकर एकच होता. बाबांच्या टेबलाशी उभं राहून काकांनी स्वतः तो लिहिला होता, सुंदर अक्षरात. त्यानंतर ती वॅगन गाडीतून काढली, दुरुस्तीला गेली, पुढे कधीतरी पुन्हा यार्डात आली असेल. काकांच्या वहीत ती परत कधी आली नाही. ते पाच आकडे समोर आले की वही दुसऱ्याच्या हातात देत, आणि यार्डातल्या कोणी त्याचं कारण विचारलं नाही.

एवढ्या संख्या आहेत जगात. माझ्या मनात तेवढंच एक वाक्य फिरत राहिलं, तेही इंग्रजीत.

“त्याला सांगू नकोस,” बाबा म्हणाले. “सहा वर्षं तो माणूस त्याच्यावर उभा आहे.”

आई दारात होती. “आणि त्याने विचारलं तर?”

बाबांनी वर्तमानपत्र उलगडून तोंडापुढे धरलं.

वही अकरा दिवस माझ्याकडे राहिली. मी मागचं दार उघडणं बंद केलं. काकांनी एकदाही मागितली नाही. संध्याकाळचं वाक्यही थांबलं होतं, कारण भागायला आता काही उरलं नव्हतं. मग रिटायर होऊन ते गावाला निघाले तो दिवस आला. दुर्गपर्यंत लोकल, पुढे गोंदियाची पॅसेंजर. बाबा ड्यूटीवर होते. वही द्यायला मला जावंच लागलं.

प्लॅटफॉर्मच्या टोकाला ते एका पत्र्याच्या ट्रंकेवर बसले होते. नव्या धोतरात, मान डावीकडे. समोर एक मालगाडी उभी होती आणि ते तिचे नंबर वाचत नव्हते. त्यांच्याकडे पाहताना एवढं एक मला विचित्र वाटलं.

मी वही दिली. त्यांनी ती मांडीवर ठेवली, उघडली नाही.

“त्या दिवशी तिनं इचारलं होतं मले,” ते म्हणाले. मालगाडीकडेच पाहत होते. “त्या बाजूनं वाकून. गाडी उभी राहीन ना, निघू का म्हनून. मी ऐकलं. ऐकलं नाही असं नाही. सात झाला होता, अकरा झाला होता. तेरा बाकी होता. म्हटलं, तेरा झाला का सांगतो.”

मी मालगाडीच्या वॅगनवरचे आकडे वाचू लागले.

“हे तुटली नसती तं तिले सांगाले तोंड होतं. म्हटलं असतं, लय मोठ्या नंबरात होतो व. कोनाच्यानंच तुटला नसता असा होता.” त्यांनी धोतराच्या सोग्याने चष्मा पुसला. “तेवढी एक लाईन माह्याच्यानं झाली नाही. दिवसभर बसलो होतो. हातच नाही चालला.”

दूर लोकलची शिटी झाली. त्यांनी वही उघडली. पान शोधावं लागलं नाही. रिकाम्या ओळीवर बोट ठेवलं, रशियनाची पेन्सिल खिशातून काढली, जिभेवर टेकवली. मान कलती केली.

“बोल.”

बाबांनी सांगितलं होतं, सांगू नकोस. एका शब्दात काम झालं असतं. नाही तुटत काका, एवढं म्हटलं असतं तर ते ‘घेतला’ म्हणाले असते आणि गाडीत बसले असते. पण ते माझ्या तोंडाकडे पाहत होते, नंबर वाचणाऱ्याकडे पाहावं तसे, आणि पेन्सिलचं टोक कागदाला टेकलेलं होतं. मी आकडे आधी इंग्रजीत जुळवले. मग एक-एक करून मराठीत आणले, आधी दोन, मग तीन, चूक होऊ नये म्हणून हळू.

“सतरा, चारशे एकोणीस,” मी म्हटलं. “पूर्ण भाग जातो, काका.”